दहावा शब्द

आमच्या एनोख भावोजींना चार टक्के पडले.

दहावीला नव्हे हो. सत्तरी गाठलेल्या माणसाची कसली दहावी? धर्मात पडले. रविवारी सकाळी ते माझ्या ओटीवर आले, चपला जोडीने नीट लावून ठेवल्या आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाक. मग सांगतो." चहा झाला, बशी रिकामी झाली. शेवटी त्यांनी मनगटावरचा पट्टा माझ्यापुढे धरला. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : यहुदी, ४ टक्के.

"शंभरापैकी?" मी विचारलं.

"नाही, पाचापैकी," ते म्हणाले. "शंभरापैकीच गं."

"मग बाकीचे शहाण्णव कुठे गेले?"

"कुठेच नाहीत. बाकीच्या धर्मांत तर तेवढेही नाहीत. खाली शेरा आहे बघ, ‘जवळपास कोणताही धर्म आढळत नाही’."

मी हसले. मला वाटलं गंमत आहे. भावोजी मात्र हसले नाहीत.

मी मिल्का झिराडकर. नावेडीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून निम्मं आयुष्य माईकवर ओरडण्यात गेलं. त्यामुळे अजून मी कुजबुजले तरी शेजारच्या आळीत ऐकू जातं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. फार फार पूर्वी जहाज फुटून आमचे पूर्वज या किनाऱ्याला लागले, असं घरोघरी सांगतात. त्यांनी इथे तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाववाले त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पुढे बहुतेकजण इस्रायलला गेले, काही ठाण्या-मुंबईला. नावेडीत उरलो मूठभर आम्ही, एक जुनं सिनेगॉग आणि एक नियम.

नियम असा, की दहा पुरुष जमल्याशिवाय आमची सामुदायिक प्रार्थना होत नाही. नऊ जमले तर नऊजण बसून राहतात. बायकांना त्या दहांत धरत नाहीत. आयुष्यभर मी माडीवरच्या बायकांच्या सज्जात बसून खालच्या टोप्या मोजत आले, पण मला कोणी मोजलं नाही. या विषयावर माझं आणि आमच्या सॅमसनकाकांचं चाळीस वर्षं भांडण आहे, आणि दोघांपैकी एकजण मरेपर्यंत ते चालेल. ते असो.

सॅमसनकाका म्हणजे आमचे हजान, प्रार्थना चालवणारे. पण ते माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. माणसाला आकडा लावू नये, अशी आमच्यात रीत. त्यासाठी प्रार्थनेतली एक दहा शब्दांची ओळ आहे. काका एकेकाकडे बघतात आणि एकेक शब्द उच्चारतात. ओळ पुरी झाली की दहा झाले. एनोख भावोजी सगळ्यांत उशिरा यायचे आणि दाराशीच उभे राहायचे, त्यामुळे गेलं वर्षभर दहावा शब्द त्यांच्याच वाट्याला यायचा.

माझे यजमान रूबेन, भावोजींचे थोरले भाऊ, गेल्या वर्षी गेले. ते होते तोवर पुरुष अकरा होते. आता भावोजींना धरून दहा.

*

हे ‘अंतर्मेळ’ प्रकरण, म्हणजे त्या पट्ट्याचा खेळ, काय आहे तेही सांगते. मी नोकरीत होते तेव्हा मोबाईलवर गमतीच्या प्रश्नमंजुषा यायच्या. ‘तुमच्या मनाला जुळणारा धर्म ओळखा.’ वीसेक प्रश्न असायचे. देव एक की अनेक, मेल्यावर पुढे काय, मांस खावं की नाही. बटणं दाबली की निकाल. आमचा एक ड्रायव्हर त्यात जपानी शिंतो निघाला होता. आठवडाभर तो कंडक्टरला कमरेत वाकून नमस्कार करत होता. हसायचं आणि विसरून जायचं, एवढाच तो खेळ.

आताचं यंत्र प्रश्न विचारत नाही. मला ते भावोजींनीच समजावलं.

"प्रश्न विचारला की माणूस खोटं बोलतो, वहिनी. दुसऱ्याशी नाही, स्वतःशीच. शरीराला मात्र तेवढा वेळ मिळत नाही. यंत्र तुझ्यापुढे एक वाक्य धरतं. ‘माझं बोलणं कोणीतरी ऐकतं आहे’ असं काहीतरी. वाचून तू हो-नाही ठरवायच्या आधीच अर्ध्या सेकंदात तुझी बाहुली मोठी होते, नाडी अडखळते, कातडीला बारीक घाम येतो. पट्टा आणि कॅमेरा तेवढंच टिपतात. अशी सहाशे वाक्यं."

"आणि त्यातून टक्के कसे निघतात?"

त्यांनी बोटाने ओटीवरच्या धुळीत दोन रेघा काढल्या. "नकाशावर आपल्याला दोनच दिशा लागतात, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर. इथे प्रत्येक वाक्य ही एक दिशा. सहाशे दिशांचा नकाशा डोळ्यांपुढे येणार नाही, पण गणिताला तो जमतो. त्यावर तुझा एक ठिपका पडतो. जगातल्या लाखो भाविकांचे ठिपके आधीच पाडून ठेवलेत. एकाच धर्माची माणसं साधारण जवळजवळ पडतात, गावातल्या घरांसारखी. तुझा ठिपका कोणत्या गावाच्या किती जवळ, ते म्हणजे टक्के."

"आणि तुमचा?"

"भर समुद्रात," ते म्हणाले.

हा खेळ घरोघरी शिरायला दोन वर्षं पुरली. लग्नाच्या स्थळांच्या माहितीत उंची-शिक्षणाबरोबर टक्के येऊ लागले. देवस्थानच्या निवडणुकीत एका उमेदवाराने फलक लावला, ‘त्र्याण्णव टक्के, तुमच्या सेवेत’. पनवेलला टक्के वाढवून देणारे क्लास निघाले. एका घरात सून सासूपेक्षा वीस टक्क्यांनी जास्त निघाली आणि तेव्हापासून त्या घरात देवपूजा कोणी करायची यावरून रोज वाजतं. मी हे सगळं लांबून बघत होते. आपल्याला काय त्याचं, असं म्हणत होते.

"मी आता येणार नाही, वहिनी," भावोजी म्हणाले.

"कुठे?"

"सिनेगॉगमध्ये."

मी बशी खाली ठेवली. "पुढच्या महिन्यात ह्यांचं वर्ष आहे, भावोजी."

"माहीत आहे मला."

माहीत नसून कसं चालेल? वर्षाच्या दिवशी मेलेल्याच्या नावाने कद्दिश म्हणायचा असतो. त्या प्रार्थनेत मरणाचं नावसुद्धा नाही, नुसती देवाची स्तुती आहे, पण ती म्हटल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. तिलाही दहा लागतात. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हा कद्दिश म्हणायचा तो भावानेच. भावोजी आले नाहीत तर दहावा माणूसही नाही आणि कद्दिश म्हणणाराही नाही.

"देव नाही असं मला पूर्वीपासून वाटायचं," ते म्हणाले. "पण वाटणं निराळं आणि मोजून हातात येणं निराळं. जे मला खरं वाटत नाही ते रूबेनच्या नावाने उभं राहून म्हणू? तो जन्मात कधी खोटं बोलला नाही. त्याच्याच दिवशी मी खोटं बोलू?"

आता या माणसाला काय म्हणायचं? भावोजींनी आयुष्यभर चुंबकीय वेधशाळेत नोकरी केली. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या बारीक सुया तिथे असतात. सुई काय दाखवते ते लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही, हाच त्यांचा धर्म. यंत्राने चार म्हटलं म्हणजे चार. मला राग आला, रडूही आलं, आणि त्यांच्यापुढे रडायचं नाही म्हणून मी उगाचच मोरीतली घासलेली भांडी पुन्हा घासायला बसले.

*

त्याच आठवड्यात हिराजी थळे आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हिराजी म्हणजे बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्याचा मालक, आगरी, पंचावन्न-साठीचा, आडव्या बांध्याचा. आमच्या आळीच्या तोंडाशीच त्याचं घर. लहानपणापासून आमच्या प्रार्थना त्याने भिंतीपलीकडून ऐकलेल्या.

"मिल्काबाय," तो म्हणाला, "मना एक्क्याण्णव पडले."

"कशात?"

"तुमच्यात."

सूनबाईने गंमत म्हणून पट्टा बांधला होता, आणि निकाल बघून घरातले हसून हसून लोळले होते. हिराजी हसला नव्हता. तो रात्रभर विचार करत बसला होता. मूर्तीपुढे हात जोडताना आपल्याला नेहमी चोरट्यासारखं का वाटायचं, बायको गेल्यापासून आठवड्यातून एक दिवस कारखाना बंद ठेवून आपण नुसतं शांत का बसतो, ते म्हणे त्याला आत्ता समजलं होतं.

सॅमसनकाकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. "बसा की मागच्या बाकावर," ते म्हणाले. "देवाचं घर आहे, कुणाला मनाई नाही. पण आमच्यात नुसत्या विश्वासाने होत नाही, हिराजीशेठ. रीतसर यायचं तर मुंबईला जावं लागेल, शिकावं लागेल, धर्मपंडितांपुढे बसावं लागेल. वर्षं जातात. तोवर तुम्हाला दहांत धरता येणार नाही."

"चालेल," हिराजी म्हणाला, आणि येऊ लागला. पंख्याच्या बटणाजवळचं शेवटचं बाक त्याचं झालं. पुढच्या शनिवारी नऊजण आणि हिराजी. काकांची ओळ नवव्या शब्दावर थांबली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. नऊजण आपापलं पुटपुटून घरी गेले. मी माडीवरून दाराकडे बघत बसले होते, आणि दारात नुसतं ऊन पडलं होतं.

*

मी स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. यंत्राला यंत्राने नाही, तर आमच्या जुन्या परीक्षेने उत्तर द्यायचं ठरवलं.

ती गोष्ट आमच्या प्रत्येक पोराला दुधाबरोबर पाजलेली असते. कधीकाळी परगावचा एक विद्वान यहुदी या किनाऱ्यावर आला. आमचे लोक तेव्हा धर्मग्रंथ विसरलेले, भाषा विसरलेले, एक छोटी प्रार्थना तेवढी लक्षात राहिलेली. हे खरंच आपले का, ते ठरवायला त्याने प्रश्न विचारले नाहीत. आळीतल्या बायकांपुढे मासळीची एक टोपली ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी घेतली, बाकीची मुकाट बाजूला सारली. का, ते त्यांनाही सांगता येईना. आमच्यात हे खात नाहीत, एवढंच म्हणाल्या. त्या माणसाला तेवढं पुरलं.

तेव्हा मी भावोजींना बाजारात नेलं. पिशवी धरायला माणूस हवा म्हणून सांगितलं. चांगुणा कोळणीच्या पाटीपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "भावोजी, आज मासळी तुम्ही निवडा. जे आवडेल ते."

भावोजी घुटमळले. पापलेट बघितलं, बोंबील बघितले. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायच्या तयारीत.

चांगुणा म्हणाली, "काय भाऊ, आज कोळंबी नको? तुमची चिंबोरी पन ठेवलीय बाजूला, नेहमीसारखी."

"नेहमीसारखी?" मी म्हणाले. अख्खा बाजार वळून बघायला लागला.

"अगो बाय, दर आयतवारी नेतात! गाभोळीची चिंबोरी लागते त्यांना." मग तिने जीभ चावली. "तुला सांगू नको म्हनले होते."

कोळंबीला ना पर, ना खवले. चिंबोरीचं तर नावच काढू नका. भावोजी कानापर्यंत लाल झाले. मी पिशवी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

"चार टक्के जास्तच दिले हो यंत्राने!" मी म्हणाले आणि तरातरा चालू लागले.

चिडले होते, पण घरी गेले नाही. भावोजींच्याच घरी गेले. किती वर्षांचं हे गुपित आहे, ते मला बघायचं होतं. ते एकटे राहतात, किनाऱ्याच्या वाटेवर, सासूबाईंच्या मागे राहिलेल्या त्या दोन खोल्यांत. लग्न केलं नाही. ते मागून आले तोवर माझं स्वयंपाकघर धुंडाळून झालं होतं. फळीवर सासूबाईंची पितळी पातेली लखलखत होती. कोळंबीचा वाससुद्धा नाही.

"शिजवता कुठे?" मी विचारलं.

त्यांनी मागचं दार उघडलं. पडवीपलीकडे परसात, माडाच्या बुंध्याला खिळ्यावर एक काळी कढई टांगलेली होती. खाली तीन दगडांची चूल.

"इथे. पावसात छत्री धरून करतो."

"घरात गॅस असताना?"

"आईच्या भांड्यांत कसं करणार, वहिनी?" ते म्हणाले. अगदी सरळ म्हणाले. सासूबाईंना जाऊन तीस वर्षं झाली. त्या बघणार नव्हत्या. वरून कोणी बघतं यावर या माणसाचा विश्वास नव्हता. तरी हा पावसात छत्री धरून बाहेर चिंबोरी शिजवतो.

माझा राग तिथेच उतरला. मी पडवीत बसले.

"भावोजी, हे यंत्राला सांगितलं होतंत?"

"तसं वाक्य नव्हतं त्यात. आणि हा विश्वास नाही, वहिनी. सवय आहे."

"बरं. मग मला दुसरं सांगा. त्या पट्ट्यापुढे तुम्ही बसलात कसे?"

"सूचना असतात. एकटं बसायचं. खोलीत दुसरं कोणी नको, दार लावलेलं हवं. शेजारी माणूस असला की नाडी बदलते, वाचन बिघडतं."

"वेधशाळेत आत जाताना किल्ल्या, घड्याळ, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल सगळं बाहेर काढून ठेवायचात ना?"

"ठेवावंच लागायचं. लोखंड जवळ आलं की सुई हलते. पृथ्वीचं तेवढं मोजायचं असेल तर बाकीचं सगळं लांब हवं."

"मग यंत्राने तुमचंही तेच केलं. मी बाहेर, रूबेन बाहेर, सॅमसनकाका बाहेर, तुमची आई बाहेर. सगळ्यांना दाराबाहेर ठेवून तुम्हाला एकट्याला मोजलं. ते मोजमाप खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आपला धर्म एकट्याला होतच नाही हो. दहा लागतात! एकट्या माणसात तो सापडेल कसा?"

भावोजींनी उठून ती कढई खिळ्यावर सरळ केली. मला वाटलं, जिंकले.

"तू चांगलं बोलतेस, वहिनी," ते म्हणाले. "पण तोंडाने मलाच म्हणायचं आहे, आणि ते मला खरं वाटत नाही. मला जमणार नाही. माफ कर."

मी उठले. दारापाशी थांबून एवढंच म्हणाले, "गुरुवारी सकाळी आहे. मी बोलवायला येणार नाही."

*

गुरुवार उजाडला. मी पोहे भिजवले, खोबरं खवलं, साखर-वेलची घालून मलिदा कालवला, वर फळं मांडली. ह्यांना केळ्याचे काप पातळ लागायचे, तसेच केले. करताना डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी येऊ दिलं. मग परात झाकून सिनेगॉगमध्ये नेली आणि माडीवर जाऊन बसले.

खाली नऊजण आले. हिराजी शेवटच्या बाकावर. काकांनी प्रत्येकाला जे एकट्याने म्हणता येतं ते म्हणून घ्यायला सांगितलं. ते झालं. मग ते उभे राहिले आणि ओळ सुरू केली. एकेकाकडे बघत एकेक शब्द. नववा शब्द झाला आणि काका थांबले. अर्धी राहिलेली ती ओळ ऐकताना कसं वाटतं, ते सांगता येणार नाही. जिन्याची शेवटची पायरी अंधारात सापडू नये तसं होतं.

"थांबू थोडं," काका म्हणाले. "ऊन बाकापर्यंत येऊ दे."

ऊन बाकापर्यंत आलं.

अव्नेर, आमच्यातला सगळ्यांत तरुण, औषधांच्या दुकानाचा, हळूच पुढे झाला. "काका, एक विचारू? हिराजीशेठ आहेत ना. एक्क्याण्णव टक्के आहेत त्यांना! माझे स्वतःचे बासष्ट आहेत. टाका ना दहावा शब्द त्यांच्यावर. रूबेनकाकांचं वर्ष आहे. कद्दिश तुम्ही म्हणा. कोण विचारणार आहे?"

काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने मला विचारल्यासारखं बघितलं, आणि खरं सांगते, माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. माझ्या नवऱ्याचा दिवस होता. मला नियम नको होता, कद्दिश हवा होता.

पण माझ्या आधी हिराजी उठला.

"नको," तो म्हणाला. "मना एक दिवस खराखुरा तो शब्द पाहिजेल हाय. आज असा चोरून दिला, तर त्या दिवशी काय घेऊ?" टोपी नीट केली आणि दाराकडे निघाला. "थांबा जरा. गाडी हाय माझी बाहेर."

पुढचं मला नंतर भावोजींकडून कळलं. ते पडवीत बसले होते. अंघोळ करून, ठेवणीतला सदरा घालून. कशासाठी घातला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. हिराजी आला, गाडीवरून उतरलाही नाही.

"भाऊ, ते थांबलेत," तो म्हणाला.

"हिराजी, मला चारच टक्के आहेत रे."

"ठाव हाय. मना एक्क्याण्णव हायेत. पन त्या दहांत मी शून्य हाय आनि तुम्ही एक. म्हनजे ती मानसं टक्के मोजत नाय. काय मोजतात ते मना अजून नीट समजला नाय, भाऊ. पन ते तुमच्याकडे हाय आनि तुम्ही घरात घेऊन बसलाव. आनि ती नऊ मानसं उभी हायेत."

भावोजी म्हणतात, थांबलेत, हा एकच शब्द डोक्यात वाजत होता. पट्टा मनगटावरच होता. तो थरथरला आणि नाडी जलद झाल्याचं दाखवू लागला. त्यांनी चपला घातल्या.

मला माडीवरून आधी गाडीचा आवाज ऐकू आला. मग दारात भावोजी दिसले, मागे हिराजी. भावोजी उंबऱ्याशी थांबले. मनगटावरचा पट्टा सोडला आणि बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, वेधशाळेत किल्ल्या ठेवायचे तसाच. मग आत येऊन दाराशी आपल्या जागेवर उभे राहिले. हिराजी आपल्या बाकावर गेला.

काकांनी ओळ पहिल्यापासून सुरू केली. एकेक तोंड, एकेक शब्द. नववा अव्नेरवर पडला. मग काकांनी दाराकडे बघितलं, आणि त्या थकल्या आवाजात दहावा शब्द सावकाश, अगदी पुरता उच्चारला. मागच्या बाकावर हिराजीचे ओठ हलताना मला दिसले. त्याला ओळ पाठ होती. आवाज मात्र त्याने काढला नाही.

भावोजी कद्दिश म्हणायला लागले. पुस्तक हातात होतं, पण चष्मा घरी राहिला होता. दोन ओळी नीट गेल्या, तिसरीला अडखळले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हलकेच पुढचा शब्द आला. भिंतीपलीकडून पन्नास वर्षं ऐकून मुरलेला. भावोजींनी तो उचलला आणि पुढे गेले. पुन्हा अडले, पुन्हा मागून शब्द आला. ज्याला खरं वाटत होतं तो सांगत होता, आणि ज्याला धरलं जात होतं तो म्हणत होता. असा माझ्या रूबेनचा कद्दिश पुरा झाला.

शेवटी ‘आमेन’ म्हणायचं असतं. ते कोणीही म्हणावं, त्याला मोजणी नाही. मी म्हटलं. एसटी स्टँडवरची शेवटची गाडी सुटताना जो आवाज काढायचे, त्याच आवाजात म्हटलं. खाली दहाच्या दहा टोप्या आणि अकरावा हिराजी दचकून वर बघायला लागले. सॅमसनकाकांनी कानावर हात ठेवला, पण हसले.

खाली मलिदा वाढताना भावोजी माझ्याजवळ आले. डोळे लाल होते.

"टक्के वाढलेले नाहीत हां, वहिनी. उगाच आशा धरू नकोस."

"विचारलं कोणी?" मी म्हणाले, आणि केळ्याचे पातळ काप त्यांच्या ताटलीत जास्त घातले. "शनिवारी?"

"शनिवारी उशीर होईल. नेहमीसारखा."

"व्हा उशिरा. थांबू आम्ही."

हिराजी मुंबईला शिकायला जातो आहे. दर मंगळवारी, पहिल्या बोटीने. भावोजींनी त्याच्या अक्षरओळखीची जबाबदारी घेतली आहे. अक्षरांवर तरी माझा विश्वास आहे, म्हणतात. दर रविवारी माडाखालची कढई अजून उतरते. आणि तो पट्टा खिडकीच्या कट्ट्यावर तसाच पडलेला आहे. उन्हावर चालणारी वस्तू, बंद पडत नाही. आत जाताना कधीकधी दिसतं, त्यावर कुठलं तरी वाक्य उमटलेलं असतं आणि ते कोणीतरी एकट्याने येऊन वाचायची वाट बघत असतं. आम्हाला वेळ नसतो. आत काकांनी ओळ सुरू केलेली असते.